मॉलमध्ये जीपीएस हरवतं, तरी तुम्ही कुठे उभे आहात हे भिंतीला कसं कळतं?

बर्डीवरच्या एखाद्या मॉलमध्ये शिरा, दोन मजले वर जा आणि मोबाइलवर मॅप उघडा. तुमचा निळा ठिपका बहुतेक वेळा बाहेर रस्त्यावरच अडकलेला दिसेल, नाहीतर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर भटकत असेल. त्याच्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ मोठं होत जाईल. वर्तुळ मोठं होणं म्हणजे फोनने दिलेली कबुलीच आहे, की मला नक्की सांगता येत नाही.

आता गंमत बघा. तुमच्या फोनला जे सांगता येत नाही, ते त्या इमारतीला हवं असेल तर शोधून काढता येतं. तुम्ही कोणत्या मजल्यावर आहात, कोणत्या दुकानासमोर किती मिनिटं थांबलात, मागच्या रविवारीही आला होतात का, हे सगळं. त्यासाठी कॅमेरा लागतोच असं नाही. फोन खिशातून काढायचीही गरज नाही.

हे कसं होतं, हे समजून घेणं नागपूरकरांसाठी जरा जास्तच गरजेचं आहे. कारण माणूस कुठे आहे हे रेडिओ लहरींवरून ओळखायचं आणि त्यावर त्याची हजेरी लावायची, हा प्रयोग या शहराने हजारो लोकांच्या मनगटावर करून पाहिला आहे.

मनगटावरचं मस्टर

२०१८-१९ च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळं द्यायला सुरुवात केली. घड्याळं आली आयटीआय लिमिटेड या केंद्र सरकारच्या कंपनीकडून. या प्रणालीचं नाव होतं 'ह्युमन एफिशियन्सी ट्रॅकिंग सिस्टीम'. मराठीत सांगायचं तर माणसाची कार्यक्षमता मोजणारी यंत्रणा. नावातच सगळं आलं.

कल्पना सोपी होती. प्रत्येक कामगाराचा झाडलोटीचा भाग, म्हणजे बीट, नकाशावर आखायचा. या आखलेल्या कुंपणाला जिओफेन्स म्हणतात. घड्याळ ठरावीक वेळाने आपली जागा सर्व्हरला कळवतं. माणूस कुंपणाच्या आत असेल तर कामावर, बाहेर असेल तर नाही. जमादाराच्या वहीतली खोटी हजेरी, एकाच्या नावावर दुसऱ्यानेच काम करणं, हे प्रकार यामुळे बंद होतील असं प्रशासनाचं म्हणणं होतं. ही अडचण खरीच होती, त्यात शंका नाही.

पण पुढे कामगारांच्या तक्रारी आल्या. कायम काय आणि ऐवजदार काय, दोघांच्याही. काम केलं तरी घड्याळाने गैरहजर दाखवलं आणि पगार कापला गेला, ही मुख्य तक्रार. दुसरी तक्रार जास्त बोचरी होती. हे घड्याळ आपल्याला ऐकतं का, बघतं का, आणि लघवीला गेलं तरी कळतं का, अशी भीती महिला कामगारांना वाटत होती. चंदीगडमध्येही अशीच घड्याळं आली आणि तिथल्या कामगारांनी तर रस्त्यावर उतरून विरोध केला.

यातल्या पहिल्या तक्रारीचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दुसरीचं नाही.

जीपीएस छतापाशी का थांबतं?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्या ट्रान्समीटरची ताकद जुन्या पिवळ्या बल्बएवढी, काही दहा वॉटची. तेवढ्या लांबून आलेला तो सिग्नल इतका क्षीण असतो, की स्लॅबचं काँक्रीट आणि सळया त्याला सहज अडवतात.

मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन आपली जागा साधारण ५ मीटरच्या आत सांगतो. पण अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं असतील तर सिग्नल भिंतींवर आपटून येतो. आपटून आलेला सिग्नल उशिरा पोचतो, आणि जीपीएसचा सगळा हिशोब वेळेवरच चालतो. रेडिओ लहर १ नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. म्हणजे १०० नॅनोसेकंदांचा उशीर झाला की तुम्ही ३० मीटर सरकलात. आता महाल किंवा इतवारीतल्या एखाद्या बोळीत बीट असेल आणि कुंपणाची रेघ त्या बोळीला चिकटून आखली असेल, तर झाडू मारता मारता माणूस जागचा न हलता 'गैरहजर' होऊ शकतो. यात कामगाराचा दोष नाही आणि उपग्रहाचाही नाही. दोष रेघ आखणाऱ्याचा आहे, ज्याने यंत्राची चूक किती असते हे लक्षात घेतलं नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जीपीएस उपग्रहाला तुम्ही कुठे आहात हे माहीत नसतं. उपग्रह फक्त बोलतो आणि तुमचा फोन ऐकून हिशोब करतो. पाळत सुरू होते ती त्यानंतर, फोन किंवा घड्याळ तो हिशोब सिमकार्डवरून दुसऱ्या कुणाला पाठवतं तेव्हा. या विषयातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे: बोलतंय कोण आणि ऐकतंय कोण?

छताखाली काय चालतं?

तुमच्या फोनचं वाय-फाय चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने हाका मारत असतो. आसपास ओळखीचं नेटवर्क आहे का, ही चौकशी. त्या हाकेसोबत एक क्रमांक जातो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. छतावर बसवलेले वाय-फायचे डबे ही हाक ऐकतात. तुम्ही त्यांच्या नेटवर्कला जोडलेले नसलात तरी ऐकतात. तीन-चार डब्यांनी एकच हाक ऐकली, की कुणाला ती मोठी ऐकू आली आणि कुणाला बारीक, यावरून तुमची जागा काढता येते.

ही युक्ती जुनी आहे. २००० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी 'रडार' नावाची पद्धत मांडली. त्यांनी एका ऑफिसच्या मजल्यावर फिरून जागोजागी सिग्नलची ताकद नोंदवून ठेवली, जणू त्या मजल्याच्या बोटांचे ठसेच घेतले. नंतर कुठलाही सिग्नल आला की तो कोणत्या ठशाशी जुळतो ते बघायचं. दोन-तीन मीटरपर्यंतची जागा त्यांना सांगता आली. आजही 'फिंगरप्रिंटिंग' नावाने हीच पद्धत चालते.

मग अडचण काय? अडचण आपण स्वतः आहोत. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी वाय-फाय-ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं. फोन पुढच्या खिशातून मागच्या खिशात गेला की सिग्नल बदलतो. दिवाळीच्या गर्दीत मॉलचा ठसा वेगळा आणि मंगळवारी दुपारी वेगळा. लोखंडी रॅक हलवला तरी फरक पडतो.

आठवतंय का, एप्रिल २०२० मध्ये आरोग्य सेतू अॅप आलं होतं? कोण कोणाजवळ होतं हे ते ब्लूटूथवरून नोंदवायचं. तशाच अॅपची कल्पना डब्लिनमधल्या संशोधकांनी ट्राममध्ये तपासली. धातूच्या डब्यात सिग्नल इतका आपटत होता, की लांबच्या माणसाचा फोन कधी कधी जवळच्यापेक्षा जोरात ऐकू येत होता. सिग्नलचा जोर आणि अंतर यांचं नातं पुस्तकात दिसतं तेवढं सरळ नसतं.

म्हणून नव्या पद्धती जोराऐवजी वेळ मोजतात. लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. अल्ट्रा-वाइडबँड हे तंत्रज्ञान अत्यंत छोटे, तीक्ष्ण स्पंद पाठवतं आणि काही सेंटिमीटरपर्यंत अंतर सांगतं. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये ही चिप आली आणि २०२१ च्या एअरटॅगमुळे लोकांच्या हातात पडली. सोफ्याखाली गेलेली किल्ली "दीड मीटर, उजवीकडे" असं सांगून सापडते ती यामुळेच.

बीकन हा शब्दही तुम्ही ऐकला असेल. अॅपलने २०१३ मध्ये आयबीकन आणलं आणि दुकानदारांना स्वप्नं पडायला लागली: गिऱ्हाईक साड्यांच्या विभागापाशी आलं की त्याच्या फोनवर सवलतीचा मेसेज. यात बीकन बिचारं काहीच ऐकत नाही. ते नाण्यावरच्या घड्याळी सेलवर महिनोन्महिने एकच वाक्य बोलत राहतं, "मी अमुक नंबरचा बीकन." ऐकतं तुमच्या फोनमधलं अॅप, आणि तेच पुढे सर्व्हरला जाऊन सांगतं. म्हणजे चावी अॅपला दिलेल्या परवानगीत आहे. वाय-फायच्या हाकांच्या बाबतीत तसं नाही, तिथे ऐकणारी भिंत असते आणि तुम्हाला कुणी विचारत नाही.

आणखी एक वस्तू तुमच्या गाडीच्या काचेवर आहे. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींमधूनच ऊर्जा घेऊन ते स्टिकर काही मीटरवरून उत्तर देतं. फेब्रुवारी २०२१ पासून ते सक्तीचं झालं. ऑफिसच्या गळ्यातल्या ओळखपत्रात बहुधा दुसऱ्या जातीची चिप असते, ती रीडरला जवळजवळ टेकवावी लागते. पण तुमच्या कार्डात फास्टॅगच्या जातीची चिप बसवली, तर दारातून नुसतं चालत गेलात तरी नोंद होईल. दिसायला दोन्ही कार्डं सारखीच.

पाहुण्यांचा माग काढून मिळतं काय?

खरं उत्तर असं, की पुष्कळ काही मिळतं, आणि ते नेहमी वाईटच असतं असं नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेचं उदाहरण घ्या. तिथल्या कार्डावरून प्रवासी कुठे आत आला आणि कुठे बाहेर पडला एवढंच कळायचं. मधे त्याने गाडी कुठे बदलली हे कळत नव्हतं. नोव्हेंबर-डिसेंबर २०१६ मध्ये चार आठवडे ५४ स्टेशनांवर फोनच्या वाय-फाय हाका गोळा केल्या गेल्या. ५६ लाख उपकरणं, ५० कोटींहून जास्त नोंदी. किंग्ज क्रॉसवरून वॉटर्लूला जायला लोक १८ वेगवेगळे मार्ग वापरतात, हे त्यातून समजलं. कोणता जिना तुंबतो, कुठे गर्दी धोकादायक होते, हे कळणं उपयोगाचंच आहे. स्टेशनांवर तशा पाट्या लावल्या होत्या आणि क्रमांक सांकेतिक करून ठेवले होते. २०१९ मध्ये ही पद्धत तिथे कायम झाली.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातही ब्लूटूथ सेन्सर लावून अभ्यास झाला. तास-दीड तासात उरकणारे आणि पाच-सहा तास रेंगाळणारे, दोघंही साधारण त्याच ठळक ठिकाणी जातात, असं दिसलं. आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, पोरं सगळ्यात जास्त कुठे थांबतात हे मात्र सेन्सरशिवायही कुणी नागपूरकर सांगेल.

आणि त्याच लंडनमध्ये २०१३ साली एका कंपनीने रस्त्यावरच्या जाहिरातींच्या कचरापेट्यांमध्ये हेच यंत्र बसवलं होतं. शेजारून जाणाऱ्याचा फोन कचरापेटी नोंदवत होती. बोभाटा झाला आणि ऑगस्टमध्ये तिथल्या प्रशासनाने ते बंद करायला सांगितलं. तंत्र तेच, शहर तेच. एका ठिकाणी पाटी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

जागेवरून यंत्रं चालवणं

माणूस कुठे आहे हे कळलं की पुढची पायरी म्हणजे त्याच्यासाठी काहीतरी चालू किंवा बंद करणं. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेने १९९० च्या आसपास 'अॅक्टिव्ह बॅज' बनवला होता. तो रेडिओवर नाही, इन्फ्रारेडवर चालायचा, पण कल्पना सगळी आजचीच. तुम्ही ज्या खोलीत असाल त्या खोलीतला फोन वाजायचा. मोबाइल नसलेल्या जगात ही केवढी मोठी सोय!

आज हॉटेलात पाहुणा बाहेर गेला की एसी बंद होतो, ऑफिसात रिकाम्या टेबलावरचे दिवे मालवतात, किल्ली खिशात असली की कारचं दार उघडतं. नागपूरच्या मे महिन्यात रिकाम्या हॉलचा एसी आपोआप बंद होणं म्हणजे थेट वीजबिलातली बचत.

पण यंत्राला तुमची 'हजेरी' चुकीची कळली तर? ऑफिसच्या स्वच्छतागृहात बसल्या बसल्या दिवा गेला म्हणून हवेत हात हलवलेले लोक आपल्यात कमी नसतील. तिथला साधा सेन्सर हालचाल ओळखतो, माणूस नाही. नवे मिलिमीटर-वेव्ह सेन्सर श्वासाने हलणारी छातीसुद्धा टिपतात, त्यामुळे तो प्रश्न सुटतो. कारच्या किल्लीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. घरात ठेवलेल्या किल्लीचा सिग्नल चोर यंत्राने लांबवर पोचवतात आणि कारला वाटतं मालक दारापाशी उभा आहे. कार फक्त सिग्नल मिळतोय का हे बघत होती, म्हणून फसली. वेळ मोजणारं अल्ट्रा-वाइडबँड त्यावरचा उपाय म्हणून येतंय, कारण सिग्नल लांबवला की वेळ वाढतोच.

दिवा चुकीचा बंद झाला तर हात हलवता येतो. पगार कापला गेला तर हात कुणापुढे हलवायचा, हा घड्याळवाल्या कामगाराचा प्रश्न आहे. या सगळ्या यंत्रणांमध्ये मी आधी एकच गोष्ट बघेन: यंत्र चुकलं तर भुर्दंड कुणाला?

जिथे माणसाला सापडायचं असतं

नागपुरात सिव्हिल लाइन्सला वेस्टर्न कोलफिल्ड्सचं, म्हणजे वेकोलिचं मुख्यालय आहे. जिल्ह्यातल्या सावनेरला त्यांची भूमिगत कोळसा खाण आहे आणि तिथे २०१६ पासून खाण पर्यटनही सुरू झालं. जमिनीखाली जीपीएस नाही, मोबाइल टॉवर नाही. तिथे 'कोण कुठे आहे' हा जिवाचा प्रश्न असतो.

खाणींमधली जुनी पद्धत साधी आणि भक्कम होती. खाली उतरताना लॅम्प रूममधून नंबर घातलेला दिवा घ्यायचा, वर आल्यावर परत द्यायचा. रॅकवर जेवढ्या जागा रिकाम्या, तेवढी माणसं खाली. पण खाली म्हणजे नेमकी कुठे, हे रॅक सांगत नाही. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेगो खाणीत स्फोटानंतर अडकलेल्या १२ कामगारांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी तिथे कायदा झाला: प्रत्येक भूमिगत कोळसा खाणीत कामगारांचा माग ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि वायरलेस संपर्क हवाच.

दगड-कोळशातून लहरी फार लांब जात नाहीत. म्हणून बोगद्यांच्या तिठ्यांवर रीडर लावतात आणि टोपीवर किंवा दिव्यात टॅग. शेवटचा कोणत्या रीडरपाशी दिसला, त्यावरून माणूस कोणत्या टप्प्यात आहे ते कळतं. दुसरी युक्ती म्हणजे मुद्दाम गळकी केलेली केबल, जिच्या आवरणातल्या फटींमधून सिग्नल बोगद्याच्या लांबीभर झिरपत राहतो. हे सगळं पुन्हा अशा बनावटीचं लागतं, की त्यातून ठिणगी उडून मिथेन पेटणार नाही.

या टॅगला खाणकामगार विरोध करेल असं मला वाटत नाही. कारण तो टॅग त्याला शोधण्यासाठी आहे, पकडण्यासाठी नाही.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल एकमताने दिला. त्या पीठात नागपूरचेच शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं.

त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत दिली आहे. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती, अशी कायद्यातली व्याख्या. त्यामुळे मॉलला तुमच्या हालचाली तुमच्या नावाशी किंवा नंबराशी जोडायच्या असतील तर आधी सूचना आणि संमती लागेल.

मात्र याच कायद्याच्या कलम ७ मध्ये संमतीशिवाय माहिती वापरण्याची काही कारणं दिली आहेत आणि त्यात 'नोकरीच्या प्रयोजनासाठी' हेही एक कारण आहे. म्हणजे मॉलमध्ये खरेदीला आलेल्या बाईची संमती लागेल, आणि त्याच मॉलच्या फरशा पुसणाऱ्या बाईच्या मनगटावर घड्याळ बांधायला मालक या कलमाकडे बोट दाखवू शकेल. माझ्या मते कायद्यातली ही सगळ्यात कच्ची जागा आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही.

आपल्या हातात काय आहे?

अँड्रॉइडमध्ये वाय-फाय बंद केलं तरी स्कॅनिंग चालू राहू शकतं. सेटिंगमध्ये लोकेशनच्या आत 'वाय-फाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' असे दोन वेगळे पर्याय असतात, ते बंद करता येतात. शॉपिंगच्या अॅपने ब्लूटूथ किंवा 'जवळपासची उपकरणं' अशी परवानगी मागितली, तर ती कशाला हवी हे विचारून मगच द्या. बहुतेकदा नाही म्हटल्याने काही अडत नाही.

फोन बनवणाऱ्यांनीही काही सुधारणा केल्या आहेत. २०१४ च्या आयओएस ८ पासून आयफोन आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून बहुतेक अँड्रॉइड फोन खऱ्या मॅक अॅड्रेसऐवजी बनावट क्रमांक वापरू लागले. त्यामुळे मागच्या रविवारचा फोन आणि या रविवारचा फोन एकच आहे, हे ओळखणं भिंतीला अवघड झालं.

पण फुकटचं वाय-फाय दिसलं की आपण काय करतो? मोबाइल नंबर टाकतो, ओटीपी येतो, तो भरतो. त्या क्षणी बनावट क्रमांकासमोर आपला खरा नंबर आपणच लिहून दिलेला असतो. पुढच्या वेळी स्टेशनवर किंवा मॉलमध्ये ते पान उघडलं, तर ओटीपीच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत 'अटी मान्य' अशी खूण आधीच केलेली असते का, तेवढं बघा.